मी सैल केलेली पाच काजं

हसायचं तर आत्ताच हसून घ्या. मध्ये हसलात तर मला पुढचं सांगता येणार नाही. मी आधीच लाजरा माणूस, आणि माझी फजिती झाली ती चांगल्या वीस आयांसमोर!

मी शिंपी. मलकपेठेत एका दुकानात बसतो. शाळा आठवीत सुटली, पण काज-बटणात माझा हात धरणारा कोणी नाही. ताई आणि भाऊजी सकाळीच कुकटपल्लीला कामाला निघतात, म्हणून भाचीला, पिंकीला, तयार करून शाळेत सोडणं माझ्याकडे. पिंकी पहिलीत आहे.

एकदा तिच्या मॅडमनी बोलावलं. मी दारातच घाम पुसत उभा.

"बच्ची होशियार है भैया. मगर उंगलियों में ताकत कम है. दोन ओळी लिहिल्या की पेन्सिल सोडून देते."

माझं तोंड एवढंसं झालं.

"टेन्शन नक्को. अभी छोटी है, अभीच पकडलं तर सुधारतं. मोठी झाली की लिहायलाच घाबरेल."

अशा मुलांसाठी मॅडम रोज सकाळी अर्धा तास वेगळा वर्ग घ्यायच्या. मी खिडकीतून पाहिलं. कोणी कणीक मळतंय, कोणी चिमट्याने राजमा उचलतंय. एक पोरगा जीभ बाहेर काढून एकच मणी ओवतोय आणि मॅडम त्याच्याकडे सामन्याची शेवटची ओव्हर बघावी तशा बघतायत! घाई नाही, ओरडणं नाही. आमच्या वेळी वाईट अक्षराला एकच औषध होतं, बोटांवर पट्टी. मला तर बाईंच्या पाया पडावंसं वाटलं.

त्यांनी घरी एक पाटी दिली. तिच्यावर कापड, कापडाला पाच बटणं. "रोज तिनेच लावायची, तिनेच काढायची. मदद नक्को."

घरी येऊन बघतो तर काय, काजं ही एवढी घट्ट! कुणी केली ही? पिंकी पहिल्याच बटणाशी झटत होती, डोळ्यांत पाणी. आता मी शब्द दिलेला, पिंकीला मदत नाही. मग मी काय केलं? काजांना मदत केली! ती खेळायला गेली तशी ब्लेडने पाचही काजं जरा वाढवली आणि रेशमी धाग्याने पुन्हा बांधून काढली. काय सुंदर दिसत होती, सांगू! पिंकीलाही ते रेशीम लगेच दिसलं.

पालकांच्या सभेत पिंकीने पाच बटणं चुटकीसरशी लावली. टाळ्या!

"कमाल है! मग आता हिला वर्गाची गरज नाही. हिची जागा दुसऱ्या मुलाला देऊ. भैया, कैसा किया? सबको बताओ."

इथे मी बोलायला हवं होतं ना? पण वीस आया माझ्याकडे बघतायत आणि मी आपला माझ्याच शर्टाचं बटण चाळवतोय. तेवढ्यात मॅडमनी तशीच दुसरी, नवी पाटी आणली. "पिंकी, आता हिच्यावर दाखव."

पिंकी पहिल्या बटणाशी अडली. लाल झाली. माझ्याकडे बघून म्हणाली, "मामा, ही पाटी तू नीट केली नाहीस का?"

मॅडम निम्मं हिंदीत बोलत असल्या तरी मराठी त्यांना चांगलीच कळते. मी खाली मान घालून सगळं कबूल केलं. वर्गाची जागा जायला नको म्हणून हात जोडले.

मॅडमनी माझी काजं निरखली. "काम तो एक नंबर है." मग त्यांची नजर पिंकीच्या गणवेशाकडे गेली. शर्टाची पट्टी हळूच ओढली.

चर्रर्र! आत वेल्क्रो. वरची बटणं नुसती शोभेची.

"ये भी आप?"

"हौ मॅडम. सकाळी उशीर होतो म्हणून..."

"और जूते?"

"लेस काढून इलास्टिक लावलंय."

"बॅग?"

मी बॅग हळूच पाठीमागे सरकवली, तिच्याही चेनच्या जागी वेल्क्रोच होता. आया मात्र पदर तोंडाला लावून हसत होत्या. मॅडम हसल्या नाहीत. "भैया, तिच्या बोटांना काही झालेलं नाही. त्यांना कुणी काम करू दिलं नाही."

जागा त्यांनी परत दिली, पण घरचा अभ्यास मला! रोज पिंकी शर्टाची खरी बटणं लावेल तोवर मी हात पाठीमागे धरून बसायचं, आणि कसा बसलो ते पिंकीने शाळेत सांगायचं. पहिल्या दिवशी घाम तिला नाही, मला फुटला.

आता पिंकी पानभर लिहिते. परवाच मॅडमनी तिला वर्गातून मोकळं केलं आणि विचारलं, "और मामा?"

पिंकी म्हणाली, "मामाला अजून वर्ग पाहिजे. तिसऱ्या बटणाला त्याचा हात सुटतो."