एकाच माणसाची सायकल

"बाई, पोखर्णीहून फोन हाय," असं शेजारच्या किराणावाल्या काकांनी दारातून सांगितलं, तेव्हा मी चपला न घालताच पळाले. त्यांनी नुसता निरोप दिला होता, तरी मला कळलं होतं. मी जन्माची भित्री. तार आली, अवेळी कडी वाजली, की माझ्या मनात आधी वाईटच येतं, आणि बहुतेक वेळा ते खोटं ठरतं. त्या दिवशी ठरलं नाही. माझा थोरला भाऊ नरहरी, आमचा नरूदादा, सकाळी अंघोळ करून नरसिंहाच्या दर्शनाला निघाला, ओसरीच्या पायरीवर जरा टेकला, आणि तिथून उठलाच नाही. पन्नाशीसुद्धा गाठली नव्हती त्याने. जिंतूरहून पोखर्णीला पोचेपर्यंत एसटीच्या खिडकीला डोकं लावून मी एकच गोष्ट मनात घोळवत होते... आज सकाळी त्याने सायकल वाजवली असेल का?

हे वाक्य वाचून कोणीही बुचकळ्यात पडेल, म्हणून आधी त्या सायकलविषयी सांगते. दादाविषयी सांगायचं तर तिथूनच सुरुवात करावी लागते.

मी शाळेत होते तेव्हा गंगाखेडच्या बाजूने एक उंच गोरा माणूस सायकलवरून आमच्या गावात आला, तोच कावीळ घेऊन. त्याला इटलीहून निघून अजिंठ्याला जायचं होतं. तो आमच्या ओसरीवर आडवा झाला आणि डोळ्यांचा पिवळेपणा जाईपर्यंत तिथेच राहिला. नाव ब्रूनो, गावाने त्याचं बुरनूसाहेब केलं. आईने त्याला मुगाची खिचडी आणि ताक देऊन बरं केलं, आणि दादाने खाणाखुणांनी आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीने त्याच्या सायकलची सगळी कुळकथा काढून घेतली. ती कुठल्या कारखान्यातून निघालेली नव्हती. ब्रूनोच्या गावात एक म्हातारा घरामागच्या शेडात बसून सायकली करी. गिऱ्हाईक आलं की शिंप्यासारखं माप घ्यायचा, पायाचं, पाठीचं, हाताचं. मग पोलादाच्या नळ्या त्या मापाने कापायच्या, पितळ वितळवून जोडायच्या आणि सांधे कानशीने घासत बसायचं, पिंपळाच्या पानाच्या टोकासारखी त्यांची कड निघेपर्यंत. नळ्या टोकांना जाड, मध्ये पातळ. म्हणून सगळी सायकल एका हाताने उचलावी इतकी हलकी. रंग जवसाच्या फुलासारखा फिकट निळा.

आईने ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा बाजारात माठ घेताना वाजवून बघतात तशी बोटाच्या पेराने नळीवर टिचकी मारली. टण्ण... असा लांब, गोड आवाज आला. "चिरलेली न्हाई," आई म्हणाली. सगळे हसले. ब्रूनोला मात्र ते इतकं पटलं की तोही रोज वाजवू लागला. निघायच्या वेळी सायकल चालवण्याइतकी ताकद त्याच्यात उरली नव्हती. त्याने सुतळी घेतली, दादाची टांग मोजली, आपली मोजली, आणि दोन्ही सारख्या निघाल्यावर हसत सायकल दादाच्या हातात दिली. मग एक बोट वर करून त्याने दादाला बजावलं. एकच माणूस. ही एकाच माणसासाठी केलेली आहे, हिच्यावर दुसरा बसवायचा नाही.

दादाने ते बोट देवाच्या आज्ञेसारखं पाळलं. तो परभणीला बी-बियाण्यांच्या दुकानात कामाला होता आणि रोज त्या सायकलवरून जायचा-यायचा. बाबा वैतागायचे. "कॅरिअर न्हाई, ष्टँड न्हाई, घंटी न्हाई, मेंढ्याच्या शिंगावानी हँडल. दुधाचा एक क्यान लटकवाया येईना, कशाला हाय ही?" कॅरिअर जोडून आणायला ते स्वतः निघाले होते, तर दादा दोन दिवस जेवला नाही. मला तो म्हणायचा, "नंदे, दुकानातली सायकल कुणाची बी असती. हिला माज्या पायाचं माप ठाव हाय." आणि मग एका सांध्याच्या खालच्या बाजूला, जिथे कोणाची नजर जाणार नाही तिथे, माझं बोट नेऊन ठेवायचा. तिथे एक बारीक ओरखडा होता. "हितं म्हाताऱ्याची कानस घसरल्याली हाय, बग." एवढ्या सुबक कामातला तो ओरखडाच त्याला सगळ्यात प्रिय होता. तो म्हातारा नळीवर वाकलाय, त्याचा हात जरा चुकलाय, असं त्याला दिसायचं. मला, सख्ख्या बहिणीला, त्याने कधी दांड्यावर बसवलं नाही. दुकानात येणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याला तो हे अभिमानाने सांगायचा, आणि पंचक्रोशीत त्याची थट्टा व्हायची.

मी परभणीला कॉलेजात गेले. मुलींच्या वसतिगृहात माझ्या खोलीत सुशीला होती, पेडगावच्या पुढच्या एका खेड्यातली, बौद्ध वस्तीतली. वडील नव्हते, आई मजुरी करायची. ती अभ्यासात माझ्या पुढे आणि बोलण्यात तर कितीतरी पुढे. आमची गट्टी जमून थोडेच दिवस झाले होते, आणि मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला. पुढचं मराठवाड्यातल्या माणसाला सांगायला नको. एसटी बंद झाल्या, रस्त्यावर झाडं आडवी पडली, आणि बौद्ध वस्त्या पेटल्याच्या बातम्या एकेक करून येऊ लागल्या. वसतिगृह रिकामं झालं. मुलींना न्यायला कोणी ना कोणी येत होतं. आमच्या खोलीत आम्ही दोघीच राहिलो. खाली फाटक वाजलं की सुशीला पुस्तकातून मान वर करायची, मी पलंगावर पाय वर घ्यायचे.

एका सकाळी दूध घालणाऱ्या माणसाने सांगितलं की सुशीलाच्या गावाकडेही काल माणसं जमली होती. तिने पुस्तक मिटलं आणि चप्पल पायात घातली. "माय एकटी हाय," एवढंच म्हणाली. त्याच वेळी दादा मला बघायला आला होता, फाटकात सायकल धरून उभा. मी त्याचा हात धरून सांगितलं, तिला थांबव, रस्त्यात काही झालं तर? ती म्हणाली, "मी चालत जाते." दादा बराच वेळ सायकलीकडे बघत राहिला. मग त्याने खांद्यावरचा टॉवेल काढला, घडी करून दांड्यावर गुंडाळला आणि सुतळीने बांधला.

"बस," म्हणाला.

सुशीला थबकली. तिलाही ती थट्टा ठाऊक होती. "दादा, ही एकाचीच हाय ना?"

"बस म्हनलं ना."

ते दोघं गेले आणि मी फाटकाशी बसले.  पाऊस पडून गेलेला, काळ्या मातीच्या पायवाटांचा चिखल झालेला. त्या बारीक टायरांनी आडवाटेने जाणं शक्यच नव्हतं, त्यांना मोठ्या रस्त्यानेच जावं लागणार, आणि मोठ्या रस्त्यावर काय आहे हे सगळ्यांना माहीत होतं. मी रस्त्यावरच्या प्रत्येक आवाजाला उठत होते. दुपारी लांबवर कुठेतरी धूर दिसला. कुठल्या दिशेचा, हे कोणाला विचारायचीही हिंमत झाली नाही.

रस्त्यात काय झालं ते पुढे दोघांच्याही तोंडून मी अनेकदा ऐकलं. शहरापासून बरंच पुढे गेल्यावर बाभळीचं झाड आडवं टाकलेलं होतं आणि काठ्या घेतलेली माणसं उभी होती. त्यांतला एक दुकानाचं गिऱ्हाईक निघाला. "नरहरी, ही कोन रं?"

"बहीण हाय माजी."

तो जवळ आला. "बहीण? बहिनीला बी ह्या गाडीवर बसवत न्हाईस म्हनं तू. दुकानात तूच सांगत व्हतास की."

दादा म्हणायचा, "नंदे, माजी जीभ टाळ्याला चिकटली. लोक उगं म्हनतात न्हाई, खरंच चिकटली." ज्या गोष्टीची एवढी फुशारकी मारली, तीच त्या दोघांचा घात करायला निघाली होती. तो गप्प उभा राहिला आणि त्याच्या गप्प राहण्यातच सगळं उघडं पडत चाललं. तेवढ्यात सुशीला खाली उतरली आणि कमरेवर हात ठेवून त्याच्यावरच खेकसली, "सांग की आता, आजच का बसवलंस ते! एस्टी बंद हाय, मग काय उडत जाऊ? तिकडं माय वाट बगायलीय अन् तू हितं गप्पा मारायलास!"

बहिणीशिवाय असं कोण बोलणार? दोघं-चौघं हसले. तो ओळखीचा माणूस मात्र हसला नाही. त्याने सायकलच्या दांड्याला हात घातला, आणि बाभळीवरून पलीकडे ठेवायला म्हणून ती उचलली... आणि तसाच उभा राहिला. "आरं, कापसाची केलीय का काय!" सगळे सायकलभोवती जमले, जो तो उचलून बघू लागला. दादा म्हणायचा, तेवढ्या वेळात मी कुठं बघत होतो सांगू? सुशीलाच्या पायाकडं. तोंडानं वाघीन झालेली, पन एक चप्पल पायातनं निसटलेली बी तिला ठाव नव्हतं.

त्यांना जाऊ दिलं. सुशीलाची आई वस्तीवर नव्हती. पण गावाबाहेर मेंढरं घेऊन उतरलेल्या एका धनगर कुटुंबाने वस्तीतल्या बायकांना मेंढवाड्याच्या आडोशाला बसवलं होतं, त्यांत ती सापडली. तिला धडधाकट बघून दादा तसाच फिरला. दिवस मावळायच्या आत तो फाटकाशी आला तेव्हा सायकल चालवत नव्हता, हातात धरून चालत होता. "यायच्या वक्ताला मोडली," तो म्हणाला. "एकटाच व्हतो. पुलापाशी खड्ड्यात गेलो." बसायच्या जागेखाली जिथे दांडा जोडलाय तिथे केसासारखी चीर गेली होती. त्याने टिचकी मारली. टण्ण नाही आलं. बद्द असा आवाज आला, तडकलेल्या माठाचा येतो तसा.

त्यानंतर त्याने चाकं काढून तो निळा सांगाडा ओसरीत दोन खुंट्यांवर टांगला. वेल्डिंगवाला म्हणाला, आण, टाका मारून देतो. "पातळ नळी हाय, जळून जाईल," असं म्हणून दादाने त्याला घालवलं. पितळेने जोडणारा एक कारागीर हैदराबादला आहे असं कळलं, तिथेही तो गेला नाही. फक्त रोज सकाळी अंघोळीआधी येऊन टिचकी मारायचा. चुलीशी बसलेली वहिनी आतून विचारायची, "कशी हाय?" आणि तो म्हणायचा, "हाय तशीच." नामांतराचा विषय निघून वातावरण तापलं की तो दिवसातून कितीदा तरी वाजवायचा. भिणारी मी एकटीच नव्हते, हे मला त्या आवाजावरून कळायचं. सोळा वर्षं त्या माणसाच्या मनात एक बाभूळ आडवी पडलेली होती.

यंदाच्या संक्रांतीला मी पोखर्णीत होते. रेडिओवर नामविस्ताराची बातमी लागली. दादाने रेडिओ बंद केला, सांगाड्यापाशी गेला, पण टिचकी मारली नाही. नुसता हात ठेवून म्हणाला, "लय दिस लागले." ती आमची शेवटची भेट.

तेराव्यानंतर सुशीला आली. आता ती नांदेडला शिक्षिका आहे, दरवर्षी दादाला राखी पाठवायची. ओसरीत ती बराच वेळ त्या निळ्या सांगाड्याकडे बघत बसली. मी बोलायचं म्हणून बोलले, "येताना खड्ड्यात गेला नसता, तर अजून चालवली असती त्याने."

"येताना नाही मोडली," ती म्हणाली. "जाताना मोडली. बाभूळ आडवी होती त्याच्या आधी एक पूल लागतो, तिथं. माझ्या मांडीखाली कट्ट झालं. दादांनी ब्रेक दाबला, क्षणभर थांबले, आणि काही न बोलता परत पायडल मारलं. पुढं सगळी वाट ती माझ्याखाली कुरकुरत होती... आत्ता मोडंल, मग मोडंल. त्यांना वाटलं, मला कळलं नाही. मी पण कळू दिलं नाही."

"आणि कधीच बोलली नाहीस?"

"काय बोलू? माझ्या वजनानं मोडली हे मला कळू नये, म्हणून तर त्यांनी दुरुस्तसुद्धा केली नाही. कारागिरानं चीर बघितली असती, तर पहिलंच म्हणाला असता, यावर दोघं बसले होते."

 तडकलेली सायकल त्या माणसांनी हातोहात उचलली होती, आणि भिऊन अर्धे झालेले ते दोघं एकमेकांना धीर म्हणून गप्प राहिले होते. सुशीला उठली. सांध्याखाली जिथे म्हाताऱ्याची कानस घसरली होती तिथे तिने बोट फिरवलं, आणि मग पेराने हलकी टिचकी मारली.

बद्द.

दादा गेल्यापासून त्या ओसरीत तो आवाज आलाच नव्हता. आत वहिनीच्या हातातलं भांडं थांबलं. आणि इतक्या वर्षांच्या सवयीने, भान नसताना, तिचा आवाज आला, "कशी हाय?"

सुशीलाने डोळे पुसले.

"हाय तशीच, वहिनी."