रोज हजार बैठका

आमच्या वडिलांची पंचवटीत तालीम होती. घरात ते वडील, तालमीत वस्ताद. आणि खरं सांगायचं तर घरातही वस्तादच. मी तेव्हा एकोणीस वर्षांचा. हिवतापाने पंधरा दिवस अंथरुणाला खिळलो होतो. उठलो त्याच सकाळी त्यांनी फर्मावलं, "हजार बैठका मार. राहिलेला ताप घामावाटे जाईल."

तालमीचा नियम असा, की मध्ये थांबलं की मोजणी पुन्हा एकपासून. आकडा पुरा होईपर्यंत दाराची कडी निघायची नाही आणि पाण्याचा थेंब मिळायचा नाही. पहिल्या दिवशी मी दोनदा थांबलो, म्हणजे हजाराच्या कितीतरी वर गेलो. दुसऱ्या दिवशी मांड्या इतक्या भरून आल्या की जिना बसून उतरलो. वडील म्हणाले, "बैठकांनी भरलेलं अंग बैठकांनीच मोकळं होतं." डोंबलाचं मोकळं! पण त्यांच्यापुढे तोंड उघडायची प्राज्ञा कोणाची?

तिसऱ्या दिवशी आकडा पुरा करून तालमीमागे लघवीला गेलो, तर ती कोऱ्या चहासारखी काळी. माझं धाबं दणाणलं. सांगावं, तर वस्तादाचाच मुलगा कच्चा निघाला म्हणून गावभर बोभाटा होणार. गप्प बसावं, तर जीव जाणार. इकडे आड, तिकडे विहीर. तेवढ्यात मी तिथेच कोसळलो.

शेजारी टांगा जोडत असलेले चाचा धावत आले. त्यांनी जमिनीकडे बघितलं, माझी मांडी दाबली आणि वडिलांना हाक मारली.

"वस्ताद, घोडा आठवडाभर तबेल्यात बांधून ठेवला आणि एकदम पळवला की असंच होतं. मांड्या दगड, मूत काळं. मग चार पावलं चालवला तरी मरतो. किती बैठका दिल्या?"

"शंभर," वडील म्हणाले.

"शंभरच असतील तर तापाची उष्णता आहे, चालवत घरी न्या. जास्त असतील तर उभासुद्धा करू नका. खरं सांगा."

वडिलांनी माझ्याकडे बघितलं. ती नजर मी ओळखत होतो.

"शंभरच," मी म्हणालो. स्वतःचा इतका राग मला पुन्हा कधी आला नाही. भिंतीला धरून मी उठू लागलो.

वडिलांनी माझे दोन्ही खांदे दाबून मला खाली बसवलं.

"हजार," ते चाचांना म्हणाले. "तीन दिवस, रोज. मीच करवल्या."

सगळी तालीम दारात उभी राहून ऐकत होती.