परदेशातली भवानी

हिंजवडीत तुळजाबाईंच्या टपरीवर पहिला चहा सुदर्शनचा. त्यानं मोबाईलवरून पैसे दिले, की बोलका डबा 'दहा रुपये मिळाले' असं ओरडायचा. भवानी झाली म्हणून तुळजाबाई डब्याला हात लावून कपाळाला लावायच्या.

मग कंपनीनं त्याला जर्मनीला धाडलं. "मावशी, इथं कार्ड टेकवलं की मशीन नुसतं टिंग करतं," तो फोनवर म्हणाला.

"मुकाट्यानं पैसे देत्यात? माणसं हायत का भुतं?"

सोमवारी त्याचा मित्र सांगून गेला, सुदर्शन तिकडंच वारला.

मंगळवारी त्यांनी टपरी उघडली. समोर चिटपाखरू नव्हतं. आकड्याशिवाय कधी न बोलणारा डबा नुसता टिंग वाजला.

मोबाईलवर काहीच जमा नव्हतं. तुळजाबाईंचा हात मात्र केव्हाच कपाळाला लागला होता.