अंगावर येणारा लाल्या

दीर घोडा फुकट देतो म्हटल्यावर प्रयागबाईच्या मनात पाल चुकचुकली. एकाहत्तर सालची गोष्ट. नवरा गेल्यापासून इंदोऱ्यातल्या तिच्या दारात टांगा नुसता उभा होता. घोडाही नवऱ्यामागोमाग गेला होता. दीर मारोतराव आपला टांगा सोडून हिंगण्याला कारखान्यात लागला आणि आपला तांबडा लाल्या तिच्याकडे आणून बांधून गेला.

"धडधाकट घोडा, अन् फुकट? काहून?" तिनं विचारलं.

"घरचाच हाये, वहिनी. तुमच्या कामाले येईल," म्हणत तो चहाही न घेता सटकला.

तिनं लाल्याचे दात पाहिले, खूर उचलून पाहिले, डोळ्यांपुढं पदर हलवून पाहिला. खोट काही सापडेना. उलट घोडा मायाळू. खांद्यावर मान टाकायचा, पदरात तोंड खुपसायचा, पाठीवर कपाळ घासायचा. शेजारणी म्हणायच्या, कसा जीव लावला पाहा! प्रयागबाईला ती मायाच खुपत होती.

धरमपेठेतली मुलं टांग्यातून शाळेत पोचवायचं नवऱ्याचं काम तिनं हाती घेतलं. बाई टांगा हाकते म्हणून लोक वळून पाहत. तिची नजर लाल्याच्या मानेवर. एका सकाळी पुष्पलता नावाच्या एका आईनं मुलीला चढवताना कौतुकानं त्याच्या नाकावर हात ठेवला. लाल्या लाडात आला. डोकं तिच्या छातीशी नेऊन त्यानं असं रेटलं, की बाई फाटकावर जाऊन आदळली. कोपर सोलवटलं.

"हा घोडा माझ्या पोरीजवळ नको," म्हणत ती मुलीला घेऊन आत गेली.

संध्याकाळी प्रयागबाई तडक दिराच्या घरी. दार जावेनं, यमुताईनं उघडलं. तिचा हात प्लास्टरमध्ये.

"मोरीत पडली ते," मारोतराव आतूनच बोलला.

प्रयागबाई जावेकडं वळली.

"तू सांग वं."

"लाल्यानं ढकललं मले, बाई. लाडातच. मीच रोज हातानं गूळ चारत होती त्याले."

मारोतराव बाहेर आला. "कोणाले विकला असता तर त्यानं चाबकानं फोडला असता त्याले. अन् तुमाले सांगतलं असतं तर तुमी घेतला नसता."

"नसताच घेतला," ती म्हणाली आणि पाणीही न पिता निघाली.

लाल्याला परत दिराच्या दारात नेऊन बांधावं, असं रस्ताभर तिच्या मनात होतं. पण सकाळी तो पुढं आला, ती मागं सरली. तो आणखी पुढं, ती आणखी मागं. तेव्हा तिच्या ध्यानात आलं, दर वेळी सरकतो आपणच. ती थांबली. कोपर वर धरलं. "सर मांगं!" लाल्या बावचळला. ती हलली नाही. शेवटी त्यानंच पाय मागं घेतला. तेव्हा कुठं तिनं त्याची मान खाजवली.

त्यानंतर हातानं चारणं बंद, दाणा तोंडाला बांधायच्या तोबऱ्यातच. नजर चुकवून तो तोंड पुढं करायचा. कोपर तयारच असायचं. मारलं मात्र एकदाही नाही.

पुष्पलता फाटकातून रोज पाहत होती. एके दिवशी मुलीला घेऊन बाहेर आली.

"आता हा घोडा मारत नाही ना?"

"मारत तो कधीच नव्हता, लाडात रेटत होता. हात लावा, पण मानेले. अन् तोंड वळवलं त्यानं, तर मले सांगा."

पुष्पलतानं भीतभीत मान थोपटली. लाल्यानं कान हलवले, तोंड अर्धं वळवलं, प्रयागबाईकडं पाहिलं आणि पुन्हा सरळ केलं. मुलगी टांग्यात चढली.

पुढं कितीतरी वर्षं प्रयागबाईनं तोच टांगा हाकला. घोड्यावर तिचा जीव होता, पण पाठ तिनं त्याला कधी दाखवली नाही.