लाभार्थी मेंढरांमागं गेलेली

तालुक्याच्या कार्यालयात मी घरकुलांची कंत्राटी अभियंता होते. पैसा दिल्लीचा, उद्दिष्ट मुंबईचं, जाब जिल्ह्याचा आणि पायपीट आमची. जोतं झालं की फोटो, भिंती झाल्या की फोटो, छत टाकलं की फोटो. आणि शेवटी दारात लाभार्थी उभा करून आणखी एक. तो ॲपवर चढला तरच घर पूर्ण. नाहीतर माणसं आत राहत असली तरी अहवालात ते अपूर्णच.

त्या मार्चअखेरीस एक घर असंच अडकलं. वस्तीवरच्या मेंढपाळ जोडप्याचं, बाईच्या नावावरचं. पावसाळ्यातल्या उघडिपीत दोघांनी स्वतः विटा वाहून ते उभं केलं होतं. दार, रंग, संडास, सगळं झालेलं. पण दिवाळीनंतर ती दोघं नेहमीसारखी मेंढरं घेऊन बाहेर पडली आणि घराला कुलूप लागलं.

ॲप विलंबाचं कारण विचारायचं. मयत, जागेचा वाद, बांधकामास नकार, स्थलांतरित. ‘पावसाळ्यात परत येतील’ असं कारण त्यात नव्हतं. तालुक्याचे आमचे साहेब म्हणाले, स्थलांतरित टाका आणि मोकळ्या व्हा. तसं टाकलं तर घर रद्द करायचा प्रस्ताव जाईल, दिलेल्या हप्त्यांची वसुली लागेल, असं मी सांगितलं. त्यांनी कपाळ चोळलं. दर सोमवारी जिल्ह्याच्या व्हीसीत, पडद्यावरच्या बैठकीत, बोलणी त्यांनाच बसत.

“मॅडम, तुम्हाला घर दिसतंय. मला वरून फक्त लाल रेघ दाखवतात.”

मग मीच निघाले. बाईच्या नवऱ्याचा फोन एकदाचा लागला; फर्दापूरच्या अलीकडं, कपाशीच्या पऱ्हाट्या उपटलेल्या रानात त्यांनी मेंढरं बसवली होती. शहरात एसटी बदलून पोचले तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. बाई एका अडलेल्या मेंढीपाशी बसली होती. माझं सगळं सांगून होईपर्यंत तिनं वर बघितलंही नाही.

“घर बांधलंय ना? मग मी कशाला पायजे? ते काय पळून चाललंय व्हय?”

मेंढी मोकळी होईपर्यंत मी ढेकळांत बसून राहिले. कोकरू पायांवर उभं राहिलं तेव्हा तिनं हात धुतले, नवऱ्याला चार गोष्टी बजावल्या आणि तोंडातल्या तोंडात सरकारला शिव्या देत माझ्याबरोबर गाडीत बसली. त्यातली एकही शिवी मला अनाठायी वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला दारात उभं केलं, तर ॲप उघडेना. मार्चअखेर असल्यानं राज्यभरातले आमच्यासारखे त्याच्यावर तुटून पडलेले. तिनं कुलूप काढून घर झाडलं आणि बाहेर तीन दगडांवर चहा ठेवला. नकाशातल्या स्वयंपाकघरात लाकडं रचलेली होती. पावसात कोकरं कुठं बांधायची, हे नकाशा काढणाऱ्याला कसं सुचलं नाही, असं तिनं विचारलं. त्यांच्याकडं मेंढरं नसतील, मी म्हणाले. ती हसली नाही.

दुपारी फोटो चढला आणि ती संध्याकाळच्या गाडीनं परत गेली. त्याच आठवड्यात फोटो नामंजूर होऊन आला. लाभार्थीचा चेहरा अस्पष्ट. पदराची सावली पडली होती.

तिला पुन्हा बोलवायला माझी जीभ रेटेना. पुढच्या व्हीसीत साहेबांच्या आधी मीच बोलले. घर पूर्ण आहे, बाई पावसाळ्यात येईल, मी स्थलांतरित टाकणार नाही, शंका असेल त्यांनी येऊन बघावं. पलीकडच्यांनी सरळ पुढचा तालुका घेतला. साहेबांना नोटीस आली आणि त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं.

मृगानंतर ती परतली. पदर मागं सारून दारात उभी राहिली आणि फोटो लगेच मंजूर झाला. तोवर नवं आर्थिक वर्ष लागलं होतं. त्यामुळं आदल्या वर्षीचं आमचं अपयश यंदाची प्रगती म्हणून मोजलं गेलं आणि व्हीसीत साहेबांचं अभिनंदन झालं. मला हसावं की रडावं कळेना. ते मात्र मान खाली घालून ऐकत होते. बाहेर आल्यावर माझ्यापाशी थांबले.

“छत गळत तर नाही ना तिचं?”

इतक्या महिन्यांत हे कुणीच विचारलं नव्हतं. गळत नाही, मी भर पावसात जाऊन बघून आले, असं मी सांगितलं. बरं झालं, म्हणाले, आणि नव्या उद्दिष्टाच्या बैठकीला उशीर होतोय म्हणून घाईनं निघून गेले.