पहिला पाट आणि तिरप्या फळ्या

माझ्या सासुरवाडीत मला पहिला पाट मिळतो, आणि यात माझं स्वतःचं कर्तृत्व काहीही नाही. मी थोरला जावई आहे, एवढंच. दर अधिक महिन्यात मोताळ्याहून सासऱ्यांचा फोन येतो, "जवाई, धोंड्याचं जेवाले या." मी शेगावातलं माझं चष्म्याचं दुकान बंद करतो, बायकोला घेऊन जातो, पाटावर बसतो, पाय धुऊन घेतो, पुरणाचे धोंडे खातो आणि तेहतीस अनारशांचं ताट घेऊन परत येतो. अधिक महिन्यात जावई म्हणजे साक्षात नारायण, असं आमच्याकडे मानतात. (बाकीच्या महिन्यांत काय मानतात, हे मी कधी विचारलेलं नाही.)

या खेपेला मात्र नारायण दोन झाले. धाकट्या मेव्हणीचं, पल्लवीचं, नुकतंच लग्न झालं होतं. तिचा नवरा प्रशांत सुलतानपूरचा, शाळेत खेळाचा शिक्षक. उंच, सडपातळ आणि वर नम्र. माणूस नम्र असला की त्याच्याविषयी वाईट बोलायची सोय राहत नाही, म्हणून मला तो पहिल्या दिवसापासून आवडत नव्हता. त्याचा हा पहिलाच अधिक महिना. आता मान थोरल्या जावयाचा की पहिल्या धोंड्याच्या जावयाचा, यावर सासूबाईंचा विचार चालू असल्याचं माझ्या बायकोनं, रेखानं, मला बसमध्ये सांगितलं.

"मंग काय ठरलं?" मी खिडकीबाहेर बघत, सहज विचारल्यासारखं विचारलं.

"काईच नाई. आई म्हणे, ऐन वक्ताले पाहू."

ऐन वक्ताले पाहू! त्या वाक्यानंतर मोताळा येईपर्यंत मला सीटवर नीट बसवलं नाही.

घरी पोचलो तर बाहेरची खोली छतापर्यंत कापसानं भरलेली. भाव वाढेल या आशेवर सासऱ्यांनी अजून विकला नव्हता. त्यामुळे आम्ही, आमच्या आधीच आलेले प्रशांत-पल्लवी, घरचे, पाण्याचा माठ आणि टीव्ही असे सगळे आतल्या एकाच खोलीत होते. "उद्या याले ऊन दाखवतो," सासरे कापसाकडे हात करून म्हणाले, "लय खाज सुटून राह्यली." हे मी ऐकलं होतं, एवढं मान्य करतो. पण तेवढ्यात टीव्हीवर ती शर्यत सुरू झाली.

ती परदेशातली अडथळ्यांची शर्यत सासऱ्यांच्या घरी रोज बघतात. हिंदीत बोलणारे दोन जण मागून ओरडत असतात आणि समोर पिळदार माणसं पाण्यात पडत असतात. पहिल्या टप्प्यात पाण्यावर तिरप्या फळ्या असतात, एक डावीकडे कललेली, पुढची उजवीकडे. या फळीवरून त्या फळीवर उड्या मारत पलीकडे जायचं. त्या संध्याकाळी एकामागून एक गडी येत होता, हात हलवत होता, दोन फळ्या ओलांडत होता आणि तिसरीवरून पाण्यात जात होता.

"एवढं सोपं असून पडतात कसे, हेच मले समजत नाई," मी म्हणालो.

"सोपं नाही हो भाऊ," प्रशांत नम्रपणे म्हणाला. "पायाला धरायला काहीच नाही तिथं. मी तर पहिल्याच फळीवरून जाईन."

सासरे आता मांडी बदलून पुढे सरकले. "मले एक सांगा. पह्यल्याच टप्प्यात समदे पाडले तं दुसरा टप्पा दाखवतीन कोणाले? म्हंजे पह्यला सोपाच असला पायजे. जवाईचं खरं हाय."

"मंग हे काऊन पडून राह्यले?" सासूबाईंनी पोळपाटावरून विचारलं.

इथूनच घराला त्या प्रश्नानं पछाडलं. फळी किती तिरपी असेल? ती ओली असते का? बूट काढले तर? रेखाचं म्हणणं, ते घाई करतात. पल्लवीचं म्हणणं, ते हात हलवण्यात दम घालवतात. सासूबाईंना एवढंच जाणून घ्यायचं होतं, की पाण्यात पडलेल्यांना कोरडे कपडे कोण देतं. मी धंद्यानं लोकांची नजर तपासतो, त्यामुळे अंतराच्या बाबतीत घरात माझा शब्द शेवटचा. मी डोळा बारीक करून सांगितलं, "नाली ओलांडाले जेवढा पाय टाकतो, तेवढंच हाय. कोणीबी करीन."

"तुमी करसान?" रेखानं विचारलं. "जिना चढतानी तुमचे गुडघे वाजतात."

हसायला सगळेच हसले. प्रशांत तेवढा हसला नाही, आणि तेच मला जास्त लागलं. मी म्हणालो, "उद्या सकाळी करून दाखवतो. नाई जमलं तं पह्यला पाट प्रशांतरावांचा."

सासूबाईंच्या चेहऱ्यावर मोठं ओझं उतरल्यासारखा आनंद दिसला. मला मात्र माझंच वाक्य पुन्हा ऐकू आल्यासारखं झालं, आणि ते पहिल्यापेक्षा वाईट ऐकू आलं.

मला आशा होती, की सकाळी सगळे विसरतील. मी उठलो तेव्हा सासरे मागच्या वाडग्यात, म्हणजे घरामागच्या मोकळ्या आवारात, टप्पा बांधत होते. जुन्या दाराच्या फळ्या त्यांनी कुटाराच्या, म्हणजे गुरांच्या भुशाच्या, पोत्यांवर डावी-उजवीकडे कलवून ठेवल्या होत्या. प्रशांत मोबाइलवर त्यांचा कल मोजत होता. ऊन देण्यासाठी कापूस ताडपत्रीवर आणून टाकलेला होताच.

"पाण्याच्या जागी कापूसच राहू द्या," मी म्हणालो. ही कल्पना पूर्णपणे माझी. "पडलो तं मऊ पडीन."

"कापसात पडसान नोका, जवाई," सासूबाई म्हणाल्या. "खाजवते."

"मामी, मी पडणारच नाई."

मग प्रश्न आला चौथऱ्याचा. टीव्हीवाले उंच चौथऱ्यावरून सुरुवात करतात, आणि सासऱ्यांचं म्हणणं पडलं की करायचं तर रीतसर करायचं, नाहीतर सोपं-अवघडाचा निकाल कसा लागणार? इकडेतिकडे बघता बघता त्यांची नजर बैलबंडीवर गेली. बैल गोठ्यात होते आणि बंडी जू जमिनीला टेकून वाडग्यात उभी होती. सासऱ्यांनी आणि प्रशांतनं ती ढकलत आणली आणि तिचं मागचं टोक फळ्यांकडे केलं. मधल्या जागेत कापसाचा ढीग.

मी जुवाच्या बाजूनं बंडीवर चढलो. वरून सगळं फार छान दिसत होतं. पहिली फळी खरोखर नालीएवढ्याच अंतरावर होती, माझी नजर चुकली नव्हती. रेखा ओट्यावर, पल्लवी दारात, सासूबाई हातातलं पुरण तसंच धरून उभ्या, शेजारच्या दोन बायका कुंपणापलीकडे. एवढी माणसं माझ्याकडे लग्नानंतर पहिल्यांदाच बघत होती. मी टीव्हीतल्यासारखा हात हलवला. त्या क्षणी मला मनापासून जाणून घ्यायचं होतं, की तिसऱ्या फळीवर नेमकं काय होतं.

"जवाई, मांगच्या अंगाले जाऊ नोका, बंडी..." सासरे म्हणाले.

"मामाजी, आता बोलू नका. ध्यान तुटते."

आणि मी मागच्या टोकाकडे गेलो.

बैल नसलेल्या बंडीच्या मागच्या टोकावर माणूस उभा राहिला, की ती उलाळते. मागचं टोक खाली, जू वर. हे मोताळ्यात सगळ्यांना ठाऊक आहे, आणि म्हणूनच कुणी आधी सांगितलं नाही. शेतकऱ्याच्या घरचा जावई, त्याला काय सांगायचं? मी शेगावात वाढलो. माझ्या दुकानात खुर्च्या आहेत, त्या उलाळत नाहीत.

जू आकाशात गेलं. मी घसरगुंडीवरून उतरल्यासारखा उतरलो आणि तोंडावर कापसात गेलो. बंडीचं मागचं टोक पहिल्या फळीवर आदळलं आणि फळीचे दोन तुकडे झाले. मग जू पुन्हा जमिनीवर आपटलं आणि गोठ्यातून एका बैलानं हंबरून चौकशी केली.

"लागलं का?" रेखा ओट्यावरून धावत आली.

लागलं मुळीच नव्हतं. पण पडल्यावर माणूस लगेच उठला तर लोक हसतात. थोडा पडून राहिला तर काळजी करतात. म्हणून मी पडून राहिलो. कापूस मऊ होता, ऊन कोवळं होतं, आणि मी डोळे मिटून हळूच कण्हलो. ते थोडंसं पडून राहणं ही माझ्या आयुष्यातली सगळ्यात महागडी विश्रांती ठरली.

"उठा जी लवकर, तो किडलेला कापूस हाय!" सासूबाई म्हणाल्या.

मी उठलो. भुवयांपासून मोज्यांपर्यंत पांढरा झालो होतो. सासऱ्यांनी फळीचे तुकडे उचलले, एकमेकांना जोडून पाहिले आणि खेदानं म्हणाले, "पह्यल्याच टप्प्यात गेले."

"नाही मामाजी," प्रशांत म्हणाला. "टप्पा फळीवर पाय पडल्यावर सुरू होतो. भाऊंचा पाय फळीला लागलाच नाही. शर्यत झालीच नाही, तर हरले कसे?"

यावर पुन्हा चर्चा. सासऱ्यांना मुद्दा इतका आवडला, की त्यांनी तो कुंपणापलीकडच्या बायकांनाही समजावून सांगितला. शेवटी सासूबाई म्हणाल्या, "मंग पह्यला पाट थोरल्याचाच." मला भरून आलं. मी प्रशांतच्या खांद्यावर हात ठेवला, आणि तो मला त्या दिवशी पहिल्यांदाच आवडला. त्याच वेळी माझ्या मानेवर काहीतरी चुरचुरलं.

मी आंघोळ केली. खाज गेली नाही, उलट पाणी पिऊन तरतरीत झाली. मानेवरून ती पाठीवर गेली, पाठीवरून पोटाकडे आली. पण आताच पाट जिंकून आणलेला माणूस कोणत्या तोंडानं सांगणार, की मला बसवत नाही?

मी पहिल्या पाटावर बसलो, शेजारी दुसऱ्यावर प्रशांत. सासऱ्यांनी माझे पाय धुतले. पाय हा माझा एकमेव न खाजणारा अवयव होता. सासूबाईंनी कुंकू लावलं, ओवाळलं. मग माझ्या दोन्ही हातांत ताट दिलं आणि त्यात एकेक अनारसा मोजून ठेवायला लागल्या. ताट धरलं म्हणजे दोन्ही हात गुंतले. बरोब्बर तेव्हा दोन्ही खांद्यांच्या मधोमध, जिथं मोकळा हातसुद्धा पोचत नाही, तिथं आग सुरू झाली.

मी खांदा हलवला. मान फिरवली. डोळे गच्च मिटले.

"जवाई, डोळे काऊन असे करून राह्यले?" सासूबाईंचा हात थांबला.

"भरून आले, मामी. एवढा मान..."

सासूबाईंनाही भरून आलं. त्यांनी पदर डोळ्यांना लावला, नाक पुसलं आणि ताटाकडे बघत राहिल्या. "अगं रेखा, किती झाले व? मोजणं चुकलं वाट्टे." आणि त्यांनी सगळे अनारसे ताटातून काढले आणि पहिल्यापासून मोजायला घेतले.

नारायणालाही काही मर्यादा असतात. मी "हे धरा" म्हणून ताट प्रशांतच्या मांडीवर ठेवलं आणि धावत सुटलो. ओसरी, ओटा, वाडगं ओलांडून थेट गोठ्यात. तिथं एक लाकडी खांब आहे, त्याला बैल अंग घासतात. मी त्याला पाठ लावली. अधिक महिन्यातलं पुण्य म्हणजे काय, ते मला तिथं कळलं. बैल एक पाऊल बाजूला सरकला आणि त्यानं मला जागा दिली.

परत आलो तेव्हा प्रशांत पहिल्या पाटावर बसून, मान खाली घालून, सगळे अनारसे घेत होता. "पाट रिकामा ठेवाचा नसते जी," सासूबाई मला समजावत म्हणाल्या. "तुमी उठले म्हणून त्याले बसवलं." प्रशांतनं उठायचा प्रयत्न केला, पण ताट मांडीवर असल्यामुळे त्याला उठता येत नव्हतं. मी त्याला हातानंच बस म्हणालो. त्या हाताची नंतर लगेच मला गरज होती.

माझे धोंडे मी मागच्या ओट्यावर खाटेवर पालथा पडून खाल्ले. रेखा पाठीला खोबरेल तेल लावत होती. वाईट वाटत होतं, खोटं कशाला बोलू. "पुढच्या अधिक महिन्यात पाहू," ती म्हणाली, आणि मग काही वेळानं, "पण काहो, तुमाले काय वाटते? तिसऱ्या फळीवर खरंच काय होत असीन?"

संध्याकाळी पुन्हा टीव्ही लागला. पुन्हा तो चौथरा, त्या फळ्या, ते पाणी. एक गडी चौथऱ्याच्या अगदी टोकाशी आला, ताठ उभा राहिला आणि लोकांकडे बघून हात हलवला. सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, "उभा तं राह्यला." मी तेल लावलेल्या पाठीनिशी सावरून बसलो आणि त्या गड्याला मनोभावे हात जोडले.

आता घरात तो वाद निघाला, की दोन्ही बाजूंचे लोक माझ्याकडे बघतात. पहिला टप्पा सोपा की अवघड? मी खरं तेच सांगतो, की मला कल्पना नाही. माझा अजून तिथपर्यंत संबंध आलेला नाही.