तहसीलदार रुसला

आमच्या घरी काचेची टाकी आधीपासून होती. तिच्यात आठ-दहा बारके रंगीत मासे कोणाच्या अध्यात ना मध्यात फिरत असायचे. मी आदिलाबादच्या मराठी शाळेत शिकवायची आणि आमचे हे मंडल कचेरीत कारकून. सासूबाई वांकिडीकडच्या. सारा जन्म कापसाच्या रानात राबलेल्या, आता लेकाच्या नोकरीमुळं शहरात येऊन बसलेल्या. बसून राहायची सवय नव्हती, म्हणून त्या आम्हा सगळ्यांवर लक्ष ठेवायच्या.

एकदा हे कचेरीच्या कामानं हैदराबादला गेले. सकाळच्या बसनं परतले तेव्हा बॅग खांद्यावरून घसरत होती आणि छातीशी दोन्ही हातांनी एक फुगलेली प्लास्टिकची पिशवी धरलेली. लग्नात ह्यांनी माझा हात इतका जपून धरल्याचं मला काही आठवत नाही. पिशवीत तीन पिल्लं होती, काळीसावळी, अंगावर नारिंगी रेघोट्या, अंगठ्याएवढी.

"ऑस्कर म्हणतात. दुकानदार म्हणे, लई शांत जात हाय," हे म्हणाले.

शांत जातीनं आठवड्याभरात टाकीतले जुने मासे कमी करायला सुरुवात केली. ह्यांनी आधी मांजरावर संशय घेतला.

"मांजर काय पोहत जाते?" सासूबाईंनी विचारलं.

मग हे म्हणाले, मासे उडी मारून बाहेर पडले असतील, आणि कंदील घेऊन कपाटाखाली शोधू लागले. तेवढ्यात टाकीतल्या सगळ्यांत थोराड पिल्लाच्या तोंडातून एक निळी शेपटी लोंबताना मला दिसली. मी ह्यांना हाक मारली. ते टाकीसमोर उकिडवे बसले, बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "अवं, खेळून राह्यला तो."

सासूबाईंनी त्याच दिवशी त्या थोराडाचं नाव ठेवलं, तहसीलदार. दुसरा त्याच्या हाताखालचा, गिरदावर. आणि सगळ्यांत लहान, कायम मागं राहणारा, तो पटवारी. निजामाच्या काळापासून त्यांना हीच माणसं ठाऊक. सरकारनं पदांची नावं बदलली होती, पण सासूबाईंना त्याची खबर कोणी दिली नव्हती. ह्यांना ती नावं अजिबात आवडली नाहीत. "माय, लोक ऐकतात," ते म्हणायचे. महिन्याभरात मात्र तेही कचेरीतून आले की चप्पल काढता काढता विचारू लागले, "तहसीलदार जेवले का?"

जेवण म्हणजे उकडलेल्या अंड्याचा बलक, सुके झिंगे, बकऱ्याच्या काळजाचे बारीक तुकडे. सासूबाई गावी गेल्या की येताना डब्यातून नाकतोडे आणायच्या. संध्याकाळी आम्ही बुद्धाच्या तसबिरीपुढं वंदना म्हणायचो. जीवहत्या न करण्याचं शील आलं की सासूबाई एक डोळा उघडून टाकीकडं पाहायच्या. वंदना संपली की ह्यांच्या हातात नाकतोड्यांचा डबा.

"मी नाई मारून राह्यलो, तोच मारून राह्यला," हे मान खाली घालून सांगायचे.

आदिलाबादची थंडी वाईट. ती आली तशी ह्यांनी टाकीवर पिवळा बल्ब लटकवला आणि माझ्या माहेरची गोधडी काचेभोवती गुंडाळली. "माह्या गुडघ्याले ऊब नाई अन् तहसीलदाराले गोधडी," सासूबाई म्हणाल्या. पण बल्ब बरोबर उंचीवर आहे का, हे दिवसातून दोनदा त्याच पाहायच्या.

मासे वीतभर झाले तसा तहसीलदार कोणाला जवळ येऊ देईना. पटवारीच्या शेपटीच्या चिंध्या झाल्या. ह्यांनी प्लास्टिकच्या झाकणाला भोकं पाडून मधे भिंत उभी केली. तहसीलदारानं ती पाडली. पुन्हा उभी केली, पुन्हा पाडली. कचेरीत वरच्यांसमोर ज्यांच्या तोंडून शब्द निघत नसे, ते आमचे हे काचेसमोर उभे राहून ओरडायचे, "काय समजता तुमी स्वतःले?" अहो-जाहो मात्र सुटत नव्हतं. शेवटी सासूबाईंनी पटवारीला भांड्यात घेतला आणि मागच्या अंगणातल्या सिमेंटच्या हौदात सोडला. तिथं तो त्यांच्या बोटांतून झिंगा घ्यायला शिकला.

त्या सुमाराला कचेरीत नवे मंडल अधिकारी आले, जुन्या नावानं तहसीलदारच. समुद्राकडच्या जिल्ह्यातले, तेलुगू बोलणारे, मराठी न येणारे. ह्यांच्या टाकीची गोष्ट त्यांच्या कानावर गेली आणि त्यांनी सांगितलं, रविवारी पाहायला येतो.

रविवारी सकाळपासून घरात लगीनघाई. ह्यांनी टाकी खिडकीपासून उचलून समोरच्या भिंतीला लावली, सगळं पाणी बदललं, खडे घासले, वर एक हिरवंगार प्लास्टिकचं झाड रोवलं. मासे आत सोडले. तहसीलदारानं नव्या घराची एक फेरी मारली आणि तळाशी जाऊन आडवा झाला. कुशीवर, अगदी निपचित.

"मेला," हे म्हणाले आणि खाली बसले. तेवढ्यात दारात जीप थांबली.

साहेब आत आले. ह्यांनी नमस्कार केला तो टाकीकडं तोंड करून. साहेबांनी टाकीत पाहिलं, आणि हिंदीत विचारलं, "बीमार है क्या?"

कोणी काही बोलायच्या आत सासूबाई पदर सावरत पुढं झाल्या. "बीमार नहीं साब. तहसीलदार रुसला हाय."

मी चहाचा ट्रे घेऊन उंबऱ्यातच थांबले.

"कौन तहसीलदार?" साहेबांनी विचारलं.

"ये बड़ा. वो कोने में गिरदावर. पटवारी पीछे हौद में है, उसको ये भोत मारता."

"क्या खाता है?"

"सब खाता साब," सासूबाई मनापासून म्हणाल्या. "जो दो सो खाता. नहीं दिया तो मुँह फुगाके सोता."

साहेब वाकून काचेत पाहत होते, त्यामुळं त्यांचा चेहरा आम्हाला दिसेना. मग त्यांचे खांदे हलू लागले. ते सरळ झाले तेव्हा डोळ्यांत पाणी होतं. "पूरा डिपार्टमेंट इधर है!" म्हणाले, आणि पुन्हा हसायला लागले. हसता हसता खुर्चीत बसले. हे मात्र पुढचे चार दिवस जेवले नाहीत. तहसीलदार दुसऱ्याच दिवशी उठून जेवला.

पुढच्या रविवारी पुन्हा जीप. साहेबांच्या हातात सुक्या झिंग्यांची पुडी, त्यांच्या गावाकडून आलेली. त्यांचं बायकोपोरांचं बिऱ्हाड तिकडंच होतं. इथं सरकारी क्वार्टरमध्ये ते एकटे. मग दर रविवारी येऊ लागले. टाकीसमोर बसायचे, तहसीलदाराशी तेलुगूत काहीबाही बोलायचे, सासूबाई मराठीत उत्तर द्यायच्या. जन्मभर भात खाल्लेल्या त्या माणसाला त्यांनी ज्वारीची भाकरी खायला लावली. पहिल्या दिवशी त्यांना ती गिळताना पाहून मला दया आली, पण अर्धी सोडायची हिंमत त्यांनाही झाली नाही. हाल झाले ते आमच्या ह्यांचे. सुट्टीच्या दिवशी लुंगी-बनियनवर बसायचं सुख गेलं. सकाळी आठपासून इस्त्रीचा शर्ट घालून घरातल्या घरात हजेरी.

दीड-दोन वर्षांनी साहेबांची बदली झाली. निघायच्या आदल्या दिवशी ते आले तेव्हा ह्यांनी घसा खाकरून सांगितलं, "साब, आप इसको ले जाओ." मी चकित झाले. त्या माशासाठी ह्यांनी माझी गोधडी दिली होती, आणि आता मासाच देत होते.

साहेबांनी टाकीत एक झिंगा टाकला. मग म्हणाले, "नको. मेरा क्या, कल इधर, कल उधर. इसका ट्रान्सफर नको." तेवढा एक मराठी शब्द ते आमच्या घरात शिकले होते. पहिली भाकरी वाढली तेव्हापासून तोच त्यांच्या कामी आला होता.

तहसीलदार त्यानंतर आणखी चार उन्हाळे जगला. पाचव्यात लाइट फार जायची. पंप बंद पडला की आम्ही तांब्यानं उंचावरून पाणी ओतायचो, आळीपाळीनं. एका दुपारी त्यानंही उपयोग झाला नाही. लिंबाच्या झाडाखाली त्याला पुरला. ह्यांनी हात धुतले आणि साहेबांना फोन लावला. तहसीलदार गेल्याचं सांगितलं. मग साहेबांनी विचारलं, "अम्मा कैसी है?"

ह्यांनी फोन सासूबाईंकडं दिला. माणूस फार लांब आहे हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून त्या जोरात बोलल्या.

"मी बरी हाय. तुमी जेवले का?"